ड्रायव्हरच्या पँटचं माप

१९४० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या लाल डबलडेकर बसवर दोन माणसं कामाला असत. ड्रायव्हर पुढच्या अरुंद केबिनमध्ये, पाळीतला जवळजवळ नव्वद टक्के वेळ सीटवरून न उठता. कंडक्टर मात्र गळ्यात तिकिटाचं यंत्र आणि खांद्याला सुट्या पैशांची पिशवी अडकवून अख्खी बस पालथी घालणारा. खालच्या मजल्यावरची तिकिटं झाली की वर, वरची झाली की पुन्हा खाली. दिवसाकाठी त्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढून होत. बेस्टच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावरची पुढची सीट पटकावणाऱ्या मुंबईकराला हे दृश्य वेगळं समजावून सांगायला नको. मुंबईत १९३७ पासून दुमजली बस धावत होत्या आणि तिकिटाच्या पंचाची टिकटिक जिन्यावरून वर येताना ऐकू यायची. लंडनच्या या जोडीकडे जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टराचं लक्ष गेलं. त्या काळी हृदयविकाराच्या झटक्याने माणसं पटापट जाऊ लागली होती आणि कारण नेमकं कोणालाच उमगत नव्हतं. मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१ हजार वाहतूक कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. एकच बस, एकच रस्ता, एकच धूर, साधारण सारखाच सामाजिक थर. फरक फक्त एवढाच की एक बसलेला आणि दुसरा चालता. ‘लॅन्सेट’मध्ये १९५३ साली प्रसिद्ध झालेले आकडे असे होते : ड्रायव्हरांमध्ये दरवर्षी हजारी २.७ जणांना हृदयविकार होत होता, कंडक्टरांमध्ये हजारी १.९ जणांना. शिवाय कंडक्टरांना तो झालाच तर उशिरा होई आणि पहिल्याच झटक्यात माणूस दगावण्याचं प्रमाणही कमी असे. पुढे टपाल खात्यातही तेच दिसलं. पायी किंवा सायकलवरून पत्रं वाटणारा पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनापेक्षा आणि टेलिफोन ऑपरेटरपेक्षा सुरक्षित होता.

शंका काढायला इथे भरपूर वाव आहे, आणि ती पहिली शंका कोणीही काढील. ज्याचं पोट सुटलेलं, ज्याला दम लागतो, तोच बसून करायचं काम मागून घेत असेल. मग ड्रायव्हरची नोकरी त्याला आजारी पाडत नसून आजाराकडे झुकलेला माणूसच ड्रायव्हर होत असेल. मॉरिसच्या चमूने या शंकेचा पाठपुरावा ज्या पद्धतीने केला ती मला त्या मूळ आकड्यांहूनही जास्त आवडते. बसकंपनी कर्मचाऱ्यांना गणवेश शिवून देत असे आणि त्यामुळे प्रत्येकाच्या कमरेचं माप शिंप्याच्या वहीत नोंदलेलं होतं. १९५६ साली या वह्यांवरून एक छोटा निबंध निघाला. त्यात दिसलं की ड्रायव्हरांच्या पँटची कंबर कंडक्टरांपेक्षा मोठी असते, आणि ती अगदी तरुण वयापासूनच मोठी असते. म्हणजे शंका काढणाऱ्याच्या बाजूने पुरावा खुद्द मॉरिसनेच आणून ठेवला. पण गोष्ट तिथे संपली नाही. पुढच्या विश्लेषणात एकाच मापाच्या पँट घालणाऱ्यांची आपसात तुलना केली, तेव्हाही फरक टिकून राहिला. सडपातळ ड्रायव्हरपेक्षा सडपातळ कंडक्टर सुरक्षित होता आणि ढेरपोट्या ड्रायव्हरपेक्षा ढेरपोट्या कंडक्टरही. जिन्याची ती रोजची चढउतार कमरेच्या मापाला वळसा घालून थेट हृदयापर्यंत पोहोचत होती.

आपल्याकडे चालण्याविषयी जे बोललं जातं त्यातलं बरंचसं या एका निष्कर्षापाशी अडखळतं. महिनाभर सकाळी बागेला फेऱ्या मारल्या, काटा जागचा हलला नाही, म्हणून चालणं सोडून देणारे घरोघरी आहेत. वजन हे चालण्याचं प्रगतिपुस्तक आहे, अशी समजूत त्यामागे असते. ती समजूत भारतीय शरीराच्या बाबतीत तर दुप्पट फसवी आहे, आणि याचा सर्वांत बोलका दाखला पुण्याचा आहे. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एक, २२.३. दोघेही काट्याच्या हिशोबाने सडपातळ. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबी बाळगणारा हा भारतीय देह पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठवतो, तिच्यामुळे इन्सुलिनचं काम बिघडतं, आणि रोहिण्यांचं नुकसान वजनकाट्याला पत्ता न लागू देता सुरू होतं. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात (२००४) दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका इतरांपेक्षा साधारण पाच-सहा वर्षं आधी येतो असं आढळलं; मधलं वय ५३. म्हणजे मुलांची शिक्षणं आणि घराचे हप्ते अजून चालू असतानाचं वय. अशा समाजात ‘मी बारीकच आहे, मला कशाला चालायला हवं’ हे वाक्य फार महागात पडू शकतं.

मग वजन न उतरताही चालणं काय करतं? रोहिणीच्या आतल्या अंगाला एकाच पेशीच्या जाडीचं अस्तर असतं. पायांचे स्नायू काम करू लागले की त्यांना जास्त रक्त लागतं, प्रवाहाचा वेग वाढतो, आणि वाहतं रक्त या अस्तराला घासून जातं. त्या घासण्याची जाणीव अस्तरातल्या पेशींना होते आणि त्या नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतात. तो वायू रोहिणीच्या भिंतीतल्या स्नायूंना सैल पडायला सांगतो. नळी रुंदावते, रक्तदाब उतरतो, रक्तकणिका एकमेकींना चिकटून गुठळी करण्याची शक्यता घटते. हा वायू शरीरात निरोप्याचं काम करतो, या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना १९९८ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. ज्या घरात हृदयाचा पेशंट आहे तिथे हा वायू अनोळखी नाही. छातीत दुखू लागलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी शरीरात हेच नायट्रिक ऑक्साइड मोकळं करते. खुद्द आल्फ्रेड नोबेलला म्हातारपणी हृदयासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीन सुचवलं होतं, म्हणजे ज्याच्यापासून त्याने डायनामाइट केलं तेच, आणि त्याने ते घ्यायचं नाकारलं, हा त्यातला एक गमतीचा योग. चालणाऱ्या स्नायूचा दुसरा गुण असा की तो काम करताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर उचलतो, आणि पुढचा एखादा दिवस इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देत राहतो. न्यूझीलंडमध्ये २०१६ साली मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर एक साधा प्रयोग झाला. दिवसातून कधीही एकदम अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्यावर जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्या आजीला शतपावलीचं कारण विचारलं असतं तर तिने अन्न अंगी लागतं असं काहीतरी सांगितलं असतं. कारण चुकलं असतं, पण नेम बरोबर बसलेला होता. या सगळ्या परिणामांत एक गोष्ट सारखी आहे. ते काही तास किंवा फार तर एखाद-दोन दिवस टिकतात. चालण्याची पुण्याई बँकेत ठेवल्यासारखी वर्षानुवर्षं साठवून ठेवता येत नाही. कॉलेजात कबड्डी खेळलो होतो याचा पन्नाशीतल्या रोहिण्यांना उपयोग नाही.

वजनकाट्याइतकाच दुसरा चुकीचा मापदंड मनगटावर बसला आहे : दहा हजार पावलं. या आकड्यामागे कुठलंही वैद्यकीय संशोधन नव्हतं. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर जपानमध्ये व्यायामाची लाट होती, आणि १९६५ साली तिथल्या एका घड्याळ कंपनीने कमरेला अडकवायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. जपानी लिपीतलं दहा हजाराचं अक्षर चालत्या माणसासारखं दिसतं, हेही त्या नावाच्या पथ्यावर पडलं. जाहिरातीतला हा गोल आकडा काही दशकांनी फोनमध्ये आणि घड्याळात शिरला आणि त्याने लोकांची दोन गटांत वाटणी केली : पोहोचणारे आणि निराश होणारे. संशोधनातून दिसतं ते चित्र वेगळं आहे. अमेरिकेत सरासरी ७२ वर्षं वयाच्या सुमारे १६,७०० स्त्रियांच्या कमरेला पावलं मोजणारं यंत्र बांधून केलेल्या अभ्यासात (२०१९) रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी होतं. साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढायचा थांबला. हृदयविकारापुरतं बोलायचं तर आठ अभ्यास एकत्र करून २०२३ साली मांडलेल्या हिशोबात साठीच्या पुढच्या लोकांत रोज २,००० पावलांच्या तुलनेत ६,००० ते ९,००० पावलं चालणाऱ्यांचा धोका ४० ते ५० टक्क्यांनी कमी दिसला. साठीच्या आतल्यांत असा ठळक संबंध सापडला नाही. त्या वयात झटके मुळात थोडे असतात, हे त्याचं एक कारण असावं. हा आलेख डोळ्यांसमोर आणला तर तो सह्याद्रीच्या घाटासारखा आहे : सुरुवातीला उभा चढ आणि मग वर सपाट पठार. सगळ्यात मोठी कमाई पहिल्या दोन-चार हजार पावलांत आहे. म्हणजेच जो माणूस आज लिफ्टपासून गाडीपर्यंत आणि गाडीपासून खुर्चीपर्यंतच चालतो, त्याच्या हाती सर्वांत जास्त लागणार आहे. आणि नऊ हजारांवरून दहा हजार करायला रात्री अकरा वाजता बेडरूममध्ये येरझाऱ्या घालणाऱ्याच्या हाती सर्वांत कमी. आठवडाभर बसून काम करून शनिवार-रविवारी गड चढणाऱ्यांनीही हिरमुसायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या जवळपास ९० हजार लोकांच्या मनगटावरच्या यंत्रांच्या नोंदींत एक-दोन दिवसांतच आठवड्याचा व्यायाम उरकणाऱ्यांनाही हृदयविकारापासून रोज थोडा थोडा करणाऱ्यांच्या जवळपास जाणारं संरक्षण मिळालेलं दिसलं. साखर आणि रक्तदाब रोजच्या रोज आटोक्यात ठेवायचे असतील तर मात्र रोजच्या चालण्याला पर्याय नाही.

इथवरचा बहुतेक पुरावा निरीक्षणाचा आहे, हा आक्षेप योग्य आहे आणि तो झटकून टाकू नये. निरोगी माणूस जास्त चालतो म्हणून चालणारा निरोगी दिसतो, ही शक्यता पँटची मापं तपासूनही पुरती जात नाही. औषधाची करतात तशी चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडण्याची चाचणी चालण्याची करता येते का? थोडीफार झाली आहे. चीनमधल्या दाचिंग शहरात १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५७७ लोकांचे गट पाडून काहींना सहा वर्षं आहार आणि व्यायामाचं मार्गदर्शन दिलं गेलं. तीस वर्षांनी मागे वळून पाहिलं तेव्हा त्या लोकांत हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण २६ टक्क्यांनी कमी होतं. चेन्नईला डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने केलेल्या अशाच चाचणीत (२००६) रोज किमान अर्धा तास झपाझप चालणं आणि खाण्यातला बदल यांनी मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. पण दुसऱ्या पारड्यात अमेरिकेतली ‘लुक अहेड’ चाचणी आहे. वजन जास्त असलेल्या ५,१४५ मधुमेहींवर ती झाली, खाणं कमी करून आणि आठवड्याला १७५ मिनिटं व्यायाम करवून वजन उतरवण्याचा कसून प्रयत्न झाला, आणि २०१२ साली ती मध्येच थांबवावी लागली, कारण झटक्यांच्या आणि मृत्यूंच्या संख्येत फरकच पडत नव्हता. तुलनेसाठी ठेवलेल्या गटाला कोलेस्टेरॉलची आणि बीपीची औषधं जास्त मिळत होती, हे त्याचं एक कारण सांगितलं जातं. ते मान्य करूनही इथे चालण्याची बाजू थोडी पातळ होते हे कबूल करायला हवं. यातून मी एवढंच काढतो की ज्याला आधीच आजार जडला आहे त्याच्यासाठी चालणं हे गोळ्यांच्या जागी येत नाही. ‘रोज पाच किलोमीटर चालतो, आता बीपीची गोळी बंद केली’ असं बागेतल्या बाकावर अभिमानाने सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घेतलेलं बरं. तंबाखू, मिश्री आणि सिगारेट यांची भरपाईही पावलांनी होत नाही. ‘इंटरहार्ट’मध्ये झटक्याच्या धोक्याचा नव्वद टक्के भाग नऊ कारणांनी समजावता आला, व्यायामाचा अभाव हे त्यांतलं एक, बाकीची आठ आपापल्या जागी उभीच असतात.

‘चाल’ म्हणजे कोणती चाल, हा प्रश्न त्यापुढचा. खुद्द मॉरिस या बाबतीत मोठा हट्टी निघाला. बसचा अभ्यास संपवून त्याने सरकारी अधिकाऱ्यांच्या मोकळ्या वेळातल्या सवयी तपासल्या, तेव्हा त्याला संरक्षण दिसलं ते जोरकस व्यायाम करणाऱ्यांत. रमतगमत चालणाऱ्यांत नाही. चालणाऱ्यांपैकी जे ताशी साडेसहा किलोमीटरच्या वर, म्हणजे भरभर चालत, तेवढेच त्याच्या यादीत टिकले. नंतरच्या अभ्यासांनी हा निकाल पुष्कळ मवाळ केला, संथ पावलांनाही काही गुण मिळाले, तरी वेगाचं महत्त्व पुसलं गेलेलं नाही. दिल्ली आणि बंगळूरमधल्या रुग्णालयांत झालेल्या अभ्यासात (२००४) रोज सुमारे ३५ ते ४० मिनिटं झपझप चालण्याएवढा व्यायाम करणाऱ्यांचा हृदयविकाराचा धोका अजिबात व्यायाम न करणाऱ्यांच्या निम्म्याहून कमी आढळला. झपझप म्हणजे किती, हे घड्याळाशिवायही कळतं : चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. मोजायचंच असेल तर मिनिटाला साधारण शंभर पावलं. दहा सेकंदांत सोळा-सतरा पडली की समजावं जमलं. मित्रांच्या घोळक्यात, राजकारणाचे सगळे प्रश्न निकालात काढत, दर वळणावर थांबत होणारा सकाळचा फेरफटका बहुधा या परीक्षेत बसत नाही, आणि शेवटी वडापावच्या गाडीपाशी संपणारा तर नाहीच. स्त्रियांकडून हमखास येणारा आक्षेप असा असतो की दिवसभर घरात पायाला भिंगरी असते, वेगळं चालायचं कशाला. त्यात तथ्य किती? १७ देशांतल्या एक लाख तीस हजार लोकांच्या ‘प्युअर’ अभ्यासात, ज्यात भारतही होता, घरकाम, मजुरी, कामावर पायी जाणं अशा सगळ्या हालचालींचा फायदा दिसला. उलट कोपनहेगनमधल्या लाखभर लोकांच्या अभ्यासात (२०२१) मोकळ्या वेळातल्या व्यायामाने हृदयविकार घटला, पण नोकरीतल्या कष्टांनी तो वाढलेला आढळला. दोन्ही निष्कर्ष एकमेकांवर आपटतात खरे, पण ओझं उचलणं, तासन्‌तास एका जागी उभं राहणं, विश्रांती न मिळणं हे रक्तदाब चढवून धरणारं काम आहे; मोकळ्या हातांनी लयीत चालणं हे हृदयाला भरून-रिकामं होऊ देणारं काम आहे. हमालाचे कष्ट आणि कंडक्टरची चढउतार यांना एकाच मापाने मोजता येत नाही. आणि ओट्यापाशी चार तास उभी राहणारी बाई दमते पुष्कळ, चालत मात्र फारशी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०२४ साली मांडलेल्या अंदाजात भारतातल्या ५७ टक्के स्त्रिया आणि ४२ टक्के पुरुष किमान आवश्यक तेवढीही हालचाल करत नाहीत असं निघालं. यात बाईच्या आळसाचा भाग किती आणि अंधार पडल्यावर एकटीने फिरायला जाता येईल अशा रस्त्यांच्या तुटवड्याचा किती, याचा हिशोब डॉक्टरांनी करायचा नाही; तो महापालिकेने करायचा आहे. पाणीपुरी आणि पार्किंग यांतून उरलेल्या फूटपाथवर मिनिटाला शंभर पावलं टाकायला सर्कशीतलं कसब लागतं.

जिममध्ये कोसळलेल्या तरुणाचा व्हिडिओ फोनवर आला की ‘व्यायामानेच माणसं मरतात’ हा सिद्धान्त पुन्हा डोकं वर काढतो. तो निव्वळ खोटा नाही. १९९३ साली बाराशेहून अधिक झटका आलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवरून अमेरिकेत असं दिसलं की जोरदार श्रमानंतरच्या तासाभरात झटक्याचा धोका जवळजवळ सहापट होतो. पण हा सहापटीचा आकडा सरासरीचा आहे आणि तो फोडून पाहिला की त्याच्या पोटातलं चित्र उलटं दिसतं : आठवड्यातून पाच किंवा जास्त वेळा व्यायाम करणाऱ्यांत धोका फक्त २.४ पट वाढला, आणि सहसा न हलणाऱ्यांत १०७ पट. गाळात रुतलेली गाडी एकदम पाचव्या गिअरमध्ये टाकावी तसा हा प्रकार आहे. वर्षभर सोफ्यावर बसून एक जानेवारीला ट्रेडमिलचा वेग वाढवणाऱ्याला भीती आहे ती ट्रेडमिलची कमी आणि मागच्या वर्षाची जास्त. चालण्याचं मोठेपण इथे दिसतं, कारण झपझप चालण्याचा श्रमही या अभ्यासातल्या ‘जोरदार’ पातळीच्या खालीच राहतो आणि तो आठवड्या-आठवड्याने वाढवता येतो.

हवेचा प्रश्न याहून बिकट आहे. डिझेलचा धूर तेच करतो जे चालण्याने सुधारायचं असतं : रोहिण्या कडक करतो. लंडनमध्येच, जिथून ही गोष्ट सुरू झाली, साठीच्या पुढच्या ११९ लोकांना दोन तास चालवून पाहिलं गेलं. एकदा हाइड पार्कमध्ये आणि एकदा ऑक्सफर्ड स्ट्रीटवर, जिथे मुख्यतः बस आणि टॅक्सी धावतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेला निकाल असा की बागेत चालल्यावर फुप्फुसं मोकळी झाली, रोहिण्या लवचीक झाल्या आणि तो परिणाम कित्येक तास टिकला. रस्त्यावर चालल्यावर तो बराचसा गळून गेला. म्हणजे मॉरिसच्या काळातल्या कंडक्टरला बसने जे दिलं त्यातलं काही तिच्या धुराड्याने आज पादचाऱ्याकडून परत घेतलं. तरीही घरी बसणं हे याचं उत्तर नाही. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ साली मांडलेल्या गणितात हवेतले सूक्ष्म कण घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, म्हणजे हवा वाईट असली, तरी चालण्याचा तोटा फायद्याला मागे टाकायला दिवसाला दहा तासांहून जास्त चालावं लागेल. त्या मानाने अर्धा तास अगदीच किरकोळ. मुख्य रस्ता सोडून एक गल्ली आतून जावं आणि हिवाळ्यात पहाटेच्या धुरकटात न जाता ऊन वर आल्यावर निघावं, हे मात्र करण्यासारखं आहे.

चालण्याचा आणखी एक उपयोग आहे, जो कोणत्याही मीटरवर दिसत नाही. विल्यम हेबर्डन या इंग्रज वैद्याने १७६८ साली लंडनच्या वैद्यांसमोर छातीतल्या एका दुखण्याचं वर्णन केलं. ते दुखणं माणसाला चालताना गाठतं, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्यावर लगेच. वाटतं की पुढे गेलो तर प्राण जाईल. थांबलं की जातं. त्याने त्याला अँजायना पेक्टोरिस म्हटलं आणि अडीचशे वर्षांनंतरही तेच नाव चालू आहे. हेबर्डनकडे ना ईसीजी होता ना अँजिओग्राफी. चढावरचं चालणं हीच त्याची तपासणी होती, आणि आजची ट्रेडमिल टेस्ट म्हणजे तीच युक्ती पट्ट्यावर आणून ठेवलेली आहे. बसून राहणाऱ्याला हा इशारा मिळतच नाही. म्हणून नेहमीच्याच रस्त्यावर, नेहमीच्याच चढाशी छातीवर दडपण येऊ लागलं, जबडा, पाठ किंवा डावा हात भरून येऊ लागला आणि थांबल्यावर बरं वाटू लागलं, तर त्याला ‘वय झालं’ किंवा ‘गॅस धरला’ असं नाव न देता त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं. रोग उघड झाला म्हणजे चालणं कायमचं बंद, असंही समजू नये. १९५० पर्यंत झटका आलेल्या माणसाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. १९५२ साली बॉस्टनच्या लेव्हिन आणि लाउन यांनी त्याला उचलून खुर्चीत बसवा असं म्हटलं तेव्हा ते धाडस वाटलं होतं. आज डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने चालवणं हा उपचाराचाच भाग आहे. आणि हेबर्डनला हेही दिसलं होतं. त्याच्या मृत्यूनंतर १८०२ साली छापल्या गेलेल्या नोंदींत एका रुग्णाचा उल्लेख आहे, ज्याने रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरला आणि जवळजवळ बरा झाला.

झटका येतो तेव्हा मात्र गोष्ट वेगळी असते. थांबूनही दुखणं पंधरा-वीस मिनिटांत जात नाही, दरदरून घाम फुटतो, घशाशी येतं, जीव घाबरा होतो. मधुमेहींत आणि स्त्रियांत छाती न दुखता नुसता दम लागणं, कमालीचा थकवा किंवा मळमळ एवढंच असू शकतं, आणि ओवा चावण्यात, सोडा पिण्यात, सकाळपर्यंत थांबून पाहू म्हणण्यात तास निघून जातात. त्या तासांत हृदयाचा स्नायू मरत असतो. अशा वेळी १०८ ला फोन लावावा, स्कूटरवर मागे बसवून न्यायच्या भानगडीत पडू नये. इमारतीची लिफ्ट बंद असेल तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलून खाली आणावं, आणि पेशंट कितीही म्हणाला की ‘मी येतो चालत’, तरी त्याचं ऐकू नये.